तळ

मागच्या सीटपुढचं रबरी मॅट नातीनं उचललं आणि ती आनंदानं ओरडली, "आज्जी, खाली रस्ता पळतोय!"

मी तेव्हा आयर्विन पुलावर होते. सांगलीवाडीहून परत येत होते, मागं वडाप होतं, पुढं दुधाचा टेम्पो. थांबायला जागा नव्हती. पूल संपेपर्यंत "पाय वर घे, पाय वर घे" एवढंच मी म्हणत राहिले. आरशात ती दिसत नव्हती, कारण ती पाय वर घ्यायच्या ऐवजी खाली वाकून डोळा लावून बसली होती. पुलापलीकडं गाडी कडेला घेतली आणि मीही वाकून बघितलं. जुन्या रुपयाएवढं भोक. कडा तपकिरी, पापडासारख्या. बोट लावलं तर भोक दीड रुपयाचं झालं.

ही गोष्ट सप्टेंबर २०२५ मधली, घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यातली. त्या दसऱ्याला आमच्या मारुती आठशेला वीस वर्षं पूर्ण होणार होती.

गाडीचं काय करायचं हा विषय घरात त्याआधीच सुरू झाला होता. आरसी बुकाची मुदत ऑक्टोबरमध्ये संपत होती. पंधरा वर्षं झाली तेव्हा एकदा ती पाच वर्षांसाठी वाढवून घेतली होती. त्या वेळी नूतनीकरणाची फी ६०० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती ५ हजार झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं नियम बदलून वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी १० हजार केली. पर्यावरण कर वेगळा. सरकार जुन्या गाडीला काढून टाका असं तोंडानं म्हणत नाही. घरातल्या म्हाताऱ्याला जसं कुणी जा म्हणत नाही, नुसता चहा यायला उशीर होत जातो, तसं ते चाललं होतं.

आणि दुसरीकडं पायघड्या. २२ सप्टेंबरपासून, म्हणजे नेमकं घटस्थापनेच्या दिवसापासून, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. पुण्याहून मुलाचा फोन : "आई, आता नाही तर कधी?" यांचंही तेच. यांच्या वर्तमानपत्राची पानं आठवडाभर गाड्यांच्या जाहिरातींच्या बाजूनं घडी घातलेली सापडायला लागली.

मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. एवढ्यावर मी हरणार नव्हते. वही घेतली, मधोमध रेघ मारली. डावीकडं 'दुरुस्ती', उजवीकडं 'नवी'.

डावीकडं इंजिनकाम चाळीस हजार, तळाचं पत्राकाम वीस, टायर, नूतनीकरण, किरकोळ. सगळं मिळून ऐंशी हजारांच्या घरात. गाडी विकायला काढली तर पस्तीससुद्धा कुणी देणार नाही. पस्तीस हजारांच्या वस्तूवर ऐंशी हजार घालायचे, हा कोणता शहाणपणा? मुलाचा प्रश्न हाच. पण हे गणितच चुकीचं मांडलेलं आहे, असं मी त्याला सांगितलं. गाडीची बाजारातली किंमत मला मिळणार नसते, मला मिळतं ते चालणं. ऐंशी हजारांत पाच वर्षं चालणार असेल तर वर्षाला सोळा हजार पडतात. नव्या गाडीचा हप्ता महिन्याला दहा-बारा हजार. शिवाय नवी गाडी शोरूमच्या फाटकातून बाहेर पडली की त्याच क्षणी जुनी होते, तो तोटा कुणी मोजत नाही. या हिशेबानं दुरुस्ती जिंकत होती, तीही चांगल्या गुणांनी.

तरी मी वही मिटली नाही. कारण उजव्या रकान्यात काही गोष्टी अशा होत्या की त्यांच्यापुढं रुपये लिहिता येत नव्हते. आमच्या गाडीला एअरबॅग नाही. ब्रेक करकचून दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा नाही. आजच्या कोणत्याही नव्या मोटारीत या दोन्ही गोष्टी कायद्यानंच येतात. आणि मागच्या सीटवर पाच वर्षांची नात, पायाखाली पळता रस्ता.

डाव्या रकान्यातही तशाच काही होत्या.

गाडी घेतली ती पुरामुळं. आम्ही गावभागात राहतो. सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना कशी आहेस असं विचारत नाहीत, "आयर्विनला किती?" असं विचारतात. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. १९२९ साली बांधलेला हा पूल आमचा पूल आहेच, पण त्याहून जास्त तो आमची पट्टी आहे. २००५ च्या पुरात रात्री सासऱ्यांना दम लागला. यांची स्कूटर होती. ऐंशी वर्षांच्या माणसाला पावसात स्कूटरवर मधे धरून मिरजेला दवाखान्यात न्यायचं म्हणजे काय, ते त्या रात्री कळलं. शेवटी भाजीच्या टेम्पोत, कोथिंबिरीच्या रिकाम्या पोत्यांवर त्यांना निजवून नेलं. ते बरे होऊन आले आणि आल्या आल्या म्हणाले, "पाणी उतरलं की गाडी घ्या." त्याच दसऱ्याला दोन लाखांच्या आसपास पैसे मोजून पांढरी आठशे दारात आली. सासऱ्यांनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. पुढं ते तीन वर्षं राहिले आणि दर गुरुवारी पुढच्या सीटवर बसून गणपतीला गेले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आलं ते आयर्विनला ५७ फुटांच्या पुढं गेलं. आम्ही नेहमीचा नियम पाळला होता : आधी गाडी उंचावर नेऊन ठेवायची, मग घर बघायचं. पण त्या वर्षी नियम कुणाचेच चालले नाहीत. विश्रामबागेत नणंदेकडं निघायला आम्हाला अर्धा दिवस उशीर झाला, आणि पेठेतून जाताना पाणी निम्म्या चाकाच्या वर होतं. पायाखालचं कार्पेट भिजून लगदा झालं. गाडी बंद पडली नाही, पडू दिली नाही. आमच्या गॅरेजचे मेस्त्री फोनवर ओरडत होते, "बाई, रेस सोडायची न्हाई! आन् चुकून बंद पडली तर परत सेल मारायचा न्हाई!" का, ते नंतर त्यांनी समजावलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असताना सेल मारला तर पिस्टन वर येतो आणि पाण्याच्या भिंतीवर आपटतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. पुरात बुडालेली गाडी पाण्यानं मरत नाही, मालकाच्या घाईनं मरते. पूर ओसरल्यावर ओढून आणलेल्या गाड्यांची रांग त्यांच्या गॅरेजपुढं लागली होती, त्यात अशा घाईच्या कितीतरी होत्या.

आमची वाचली. कार्पेट काढून वाळवलं, आत ऊन दिलं, उदबत्त्या लावल्या. आम्हाला वाटलं, झालं. घरातलं पाणी आठ-दहा दिवसांत गेलं. गाडीच्या तळातलं गेलंच नव्हतं. दुहेरी पत्र्याच्या सांध्यांत ते बसून राहिलं होतं आणि सहा वर्षं आतून खात होतं. नातीनं उचललेल्या मॅटखाली दिसलं ते २०१९ होतं.

मेस्त्रींचं गॅरेज शंभर फुटी रस्त्यावर. नावाची पाटी कधीच पुसून गेली आहे, लोक 'लिंबाखालचं गॅरेज' म्हणतात. मी गाडी शिकले त्रेचाळिसाव्या वर्षी, आणि गाडीबद्दल जे काही शिकले ते तिथं, उलट्या ठेवलेल्या ऑइलच्या डब्यावर बसून. पहिल्यांदा गेले तेव्हा मेस्त्रींनी विचारलं होतं, "साहेब न्हाई आले?" गाडी बाईनं आणली तरी आजार पुरुषानं सांगायचा, अशी तिथली रीत होती. मी म्हटलं, "चालवते मी. आवाज मला येतो." त्यावर ते हसले नाहीत. म्हणाले, "कसला आवाज? करून दाखवा." आणि शंभर फुटीवर, दोन पोरं आणि एक रिक्षावाला बघत असताना, गणिताच्या बाईंनी तोंडानं टॅपेटचा आवाज काढला. तेव्हापासून त्यांनी साहेबांची चौकशी केली नाही.

त्यांच्याजवळ एक हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर आहे. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानाच्या हाडाला लावायची. डॉक्टर नळी लावून छाती ऐकतात तसं. मग डोळे मिटून : "दोन नंबर." तीन सिलिंडरांतलं मधलं. धुराचंही त्यांनी मला व्याकरण शिकवलं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, पांढरा थांबत नसेल तर पाणी जळतंय, निळा म्हणजे ऑइल. आमच्या गाडीचा गेली दोन वर्षं निळा होता. "ऑइल पीत्या, बाई. रिंगा झिजल्यात. वय झालं की मानूस बी प्येतंयच." ते स्वतः चहासुद्धा बिनसाखरेचा पितात.

अलीकडं त्यांनी आणखी एक तक्रार शोधली होती. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. २०२३ नंतरच्या गाड्या त्यासाठी बांधलेल्या आहेत. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, वायसर त्यासाठी बनलेलेच नाहीत. माझी पेट्रोलची नळी बदलताना चिरा पडलेलं रबर त्यांनी माझ्या हातात दिलं. इथेनॉल उसापासून होतं, आणि ऊस म्हणजे आमचा जिल्हा. ज्या उसाच्या पैशावर सांगलीत निम्म्या गाड्या आल्या, तोच ऊस आता टाकीत उतरून जुन्या गाडीची नळी कुरतडत होता. त्यांनाही ती गंमत कळत होती. "आपलाच ऊस, आपलीच गाडी. तक्रार करायची कुणाकडं?"

मेस्त्री शिकले ते फियाटवर. प्रीमियर पद्मिनी म्हणायचं कागदावर, तोंडात कायम फियाट. ती गाडी बनवणारी कंपनी वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभी केली, त्यांच्याच नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आमच्या विश्रामबागेत आहे. मेस्त्री त्या कॉलेजच्या फाटकातून आत कधी गेले नाहीत, पण त्या फाटकाबाहेर प्राध्यापकांच्या बंद पडलेल्या फियाटी मात्र त्यांनी पुष्कळ चालू करून दिल्या. मग १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती आठशे विकली गेली आणि पुढच्या काही वर्षांत ती शंभर फुटीवरही आली. स्टिअरिंगजवळचा गिअर गेला, इंजिन आडवं झालं, मागची चाकं ढकलायची ती पुढची ओढायला लागली. मेस्त्रींचे उस्ताद म्हणाले, हे खेळणं आहे, याला मी हात लावणार नाही. त्यांनी लावला नाही. मेस्त्रींनी लावला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा मी ती बातमी त्यांना वाचून दाखवली. ते जरा वेळ पाना पुसत राहिले. म्हणाले, "उस्ताद असते तर म्हणाले असते, बघ, माझं बरोबर होतं."

आपल्याकडं हातानं धंदा बदलल्याची उदाहरणं पुष्कळ. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. तलवारींचे दिवस गेले, तेव्हा तेच हात भोपळ्याकडं आणि तुणाच्या लाकडाकडं वळले. आज मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन आहे. तिथं पन्नास-साठ वर्षांचा तंबोरा दुरुस्तीला येतो आणि 'नवा का घेत नाही' असं त्याच्या मालकाला कुणी विचारत नाही. मला वाटायचं, तंबोरा आणि मोटार यांत फरक तो काय? लाकूड पिकतं आणि लोखंड गंजतं, हा एक झाला. दुसरा माझ्या लक्षात आला तो देवराष्ट्र्यामुळं.

देवराष्ट्रे कडेगाव तालुक्यात, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातले सुटे भाग जोडून एक छोटी जीप तयार केली. खर्च साठ हजारांच्या आसपास, आणि सुरू करायची लाथेनं, मोटरसायकलसारखी. २०२१ च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ आनंद महिंद्रांनी पाहिला आणि जाहीर केलं, ही गाडी आम्हाला द्या, बदल्यात नवी बोलेरो घ्या. सगळा महाराष्ट्र टाळ्या वाजवत होता. पण बातम्यांत आलं होतं की घरच्यांचा पाय निघत नव्हता. ही घरात आलेली पहिली लक्ष्मी, ती कशी द्यायची? शेवटी जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो आली आणि ती छोटी जीप गेली. लोकांना त्या अडखळण्याचं हसू आलं, मला नाही आलं. त्या जीपमधला एकेक नट कुठून आला, कुठं बसला हे त्या घराला पाठ होतं. बोलेरोचं बॉनेट उघडलं की ते इतरांसारखेच गिऱ्हाईक होणार होते. द्यायची होती ती गाडी नव्हती, माहिती होती.

पहिल्या मारुती आठशेचं काय झालं तेही मी कधीतरी वाचलं होतं. दिल्लीच्या हरपाल सिंगांनी आपली फियाट विकून ती घेतली. इंदिरा गांधींच्या हातून किल्ली मिळाली. २०१० मध्ये वारेपर्यंत त्यांनी ती विकली नाही. त्यांच्या मागं ती घराबाहेर गंजत उभी राहिली, आणि नंतर कंपनीनं नवीसारखी करून आपल्या मुख्यालयात ठेवली. आता तिला कुणी चालवत नाही, म्हणून ती बिघडत नाही.

खंडेनवमीला मी गाडी घेऊन गॅरेजमध्ये गेले. फळीवर लाल कापड, त्यावर पाने उतरत्या क्रमानं मांडलेले, बत्तीसपासून सहापर्यंत, एखाद्या श्रेढीसारखे. त्या हातभर स्क्रू-ड्रायव्हरला झेंडूची पाकळी चिकटली होती. पूजेच्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो. मेस्त्रींनी हात जोडून तो उचलला, म्हणाले, "आजच्या दिवस माफ कर," आणि गाडीखाली सरकले.

खालून आवाज आला. टकटक, टकटक, आणि मग आवाजच नाही. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक माझ्या पायाशी आत आलं होतं.

"बाई, इंजिनाचं सोडा," बाहेर येऊन ते म्हणाले. "हेड उतरवतो, रिंगा घालतो, सील बदलतो. आठ वर्सं पळंल. पन हिला चेसिस न्हाई. ट्रकाला खाली लोखंडी सांगाडा असतोय, वर पत्रा नुसता बसवलेला. हिचा पत्राच हाडं हाय. तळ गेला म्हंजी कना गेला."

"वेल्डिंग?"

"धरायला पत्रा तर पायजे."

मी मुकाट्यानं उभी राहिले. मग त्यांनी न विचारलेलं सांगितलं. "आन् खरं सांगू का, इंजिन बी मी बांधायला नगं. मागच्या महिन्यात एकाचं बांधलं, टायमिंगची खूण दिसंना मला. पोराला बोलावून दावून घेतली." त्यांचा मुलगा माझ्याच हाताखाली शिकलेला, आता एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये असतो. तिथं गाडीला वायर लावतात आणि गाडी स्वतःच पडद्यावर लिहून दाखवते काय दुखतंय ते. "येकदा हात बदलला, बाई. फियाटवरनं मारुतीवर. आता परत न्हाई जमायचं."

वही घरी होती. पण त्या क्षणी मला कळलं की मी वीस दिवस एक राशी विसरूनच उदाहरण सोडवत होते. गाडी दुरुस्त होते का, हा प्रश्न नव्हता. कोण करतं, हा होता. मी जिला माझी गाडी म्हणत होते, ती निम्मी या माणसाच्या कानात होती. तो कान थकला, तेव्हा ती जुनी झाली. दसऱ्याची तारीख नुसती निमित्ताला.

नोंदणी रद्द करून गाडी अधिकृत भंगार केंद्रात दिली. तिथलं प्रमाणपत्र मिळालं की नव्या गाडीच्या करात थोडी सवलत मिळते, म्हणून मुलानं सगळं रीतसर केलं. उघडा ट्रक आला, दोघांनी साखळी लावली. पावतीवर वजनाचा रकाना होता. साडेसहाशे किलोंच्या आसपास. त्यापुढं किलोचा भाव, त्यापुढं रक्कम. वीस दिवस जे गणित सुटत नव्हतं ते तिथल्या पोरानं कॅल्क्युलेटरवर तीन सेकंदांत सोडवलं. सासऱ्यांचं स्वस्तिक कधीच उडून गेलं होतं, पण त्या जागी पांढऱ्या रंगाला जरा पिवळी झाक होती. ती मला दिसली. वजनात ती धरली की नाही, विचारलं नाही.

पाडव्याला नवी आली. चांगली आहे. दरवाजा लागतो तो आवाज न करता. एअरबॅगा सहा. नातीला मागं पट्ट्यात बसावं लागतं, म्हणून ती रुसली आहे. पहिल्या दिवशी तिनं मॅट उचलून बघितलं आणि म्हणाली, "हिच्यातून काहीच दिसत नाही." इंजिनाचा आवाज आत येत नाही. सिग्नलला ते आपोआप बंद होतं, तेव्हा माझा हात अजून किल्लीकडं जातो, आणि किल्ली तिथं नसते. सर्व्हिसिंगला नेली तर आपण काचेच्या अलीकडं बसायचं, कॉफी प्यायची. डबा उलटा करून गाडीशेजारी बसायला परवानगी नाही.

गणपतीला नेऊन आणल्यावर मी ती तशीच शंभर फुटीवर नेली. मेस्त्री फडक्याला हात पुसत आले, पेढा खाल्ला. बॉनेट उघडलं. आत काळं प्लास्टिकचं झाकण, इंजिन दिसतच नव्हतं. त्यांनी झाकणावरून हात फिरवला, जसा झाकलेल्या पेटीवरून फिरवावा, आणि बॉनेट हळूच लावलं.

"हिच्यात मला काय काम न्हाई," ते म्हणाले.

मला वाटलं, झालं. पण त्यांनी पोराला बॅटरी आणायला सांगितली, जमिनीवर पोतं टाकलं आणि सत्तरीकडं झुकलेला तो माणूस गुडघे धरत खाली निजला. नव्याकोऱ्या गाडीखाली उजेड बराच वेळ पुढून मागं, मागून पुढं फिरत राहिला.

"तळ चांगला हाय," खालून आवाज आला. "तळावर कोटिंग तेवढं मारून घ्या, पावसाच्या आत. आन् बाई, आयर्विनला पस्तीस झालं की हिला काढायची. चाळीसची वाट बघायची न्हाई."

मी म्हटलं, बरं.

घरी येऊन वही उघडली. दोन्ही रकान्यांखालची रेघ रिकामी होती. तिथं लिहिलं : पस्तीस.